उशाची उतरंड

आमच्या वाद्यवृंदाला लोक ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि लगेच विचारतात, "गाणी कोणती असतात?" गाणी नसतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "मग नाच असंल?" तोही नसतो. आम्ही अकरा जण खुर्च्यांवर बसून वाजवतो. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, क्लॅरिनेट, माणसापेक्षा उंच असा एक डबल बास, आणि ठोकायची सगळी वाद्यं, ती माझ्याकडे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, आणि त्यातही आजचं, म्हणजे ज्याचा रचनाकार अजून हयात आहे असं. नांदेडात असं काही चालतं हे माझ्या कचेरीतल्या लोकांना अजून पटलेलं नाही.

हे सगळं उभं केलं ते आमच्या मॅडमनी. त्या मुंबईत शिकल्या, तिथेच पुष्कळ वर्षं व्हायोलिन वाजवलं, आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर नांदेडला परत आल्या. घरी शिकवण्या घेता घेता त्यांनी माणसं जमवली. बाससाठी कोणी मिळेना, तेव्हा कंधारच्या एका शाळेतले पीटीचे सर केवळ उंचीवर घेतले. क्लॅरिनेट अर्धापूरच्या एका लग्नाच्या बँडमधून आलं. मला घेतलं ते मोजण्यासाठी. मी पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाणीपातळीचे आकडे सांभाळतो. कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला होता, एवढीच माझी संगीतातली पात्रता. पण या संगीतात ठोकणाऱ्याला वाजवायचं थोडं आणि गप्प बसून मोजायचं फार असतं. साठ-सत्तर मात्रा मोजून एक टोला. तो टोला एक मात्रा अलीकडे पडला तर सगळं बिघडतं. मला ते काम आवडलं. धरणावरही तसंच असतं.

मी तिथे पोचलो तो बायकोमुळे. आमची मुलगी मॅडमकडे व्हायोलिन शिकायला जात होती. तिने सहा महिन्यांत ते सोडलं, आता ती लातूरला नीटच्या क्लासला आहे. मुलीला न्यायला जाणारी बायको मात्र तिथेच राहिली. मॅडमच्या घरात कोपऱ्यात एक चेलो पडून होता. बसल्या बसल्या तिने त्याची सगळ्यात जाड तार बोटाने ओढली. तो आवाज तिच्या गुडघ्यांत आणि छातीत उतरला, असं ती घरी येऊन म्हणाली. मला वाटलं आता पुन्हा ती त्या घरात पाऊल टाकणार नाही, कारण खालच्या पट्टीतला कुठलाही गुरगुराट तिला सहन होत नाही. मालट्रक गेला तरी ती स्वयंपाक सोडून दारात येते. पण दुसऱ्या दिवशी ती परत गेली. मी कारण विचारलं.

"अहो, हा आवाज मी थांबवला की थांबतो," ती म्हणाली. "तारेवरचा गज उचलला की संपलं."

पुढे ती चेलो शिकून वाद्यवृंदात बसू लागली, मॅडमनी तो चेलो तिला घरी दिला, आणि तिच्यामागून मीही तिथे गेलो. ती मूळची लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका गावची. भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या रात्री ती हट्ट करून आपल्या मामांबरोबर शेतातल्या मचाणावर झोपायला गेली होती. सकाळी गावात परत आले तेव्हा तिचे आई-वडील नव्हते, मामांची बायको नव्हती, मामांची दोन मुलं नव्हती. एवढ्या मोठ्या घरातली दोनच माणसं उरली, मामा आणि ती. मामांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि लग्न लावून दिलं.

पुढे नव्या गावठाणात मामांना पक्कं घर मिळालं. ते आजवर त्यात झोपलेले नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथे खाट टाकतात. बँकेत गेले तर दारात उभं राहून सही करतात, कागद शिपाई आणून देतो. मंगल कार्यालयात जात नाहीत, जेवणाचं ताट बाहेर लिंबाखाली मागवतात. आमचं लग्न त्यांच्यासाठीच उघड्या रानात मांडव घालून झालं. माझ्या काकांनी तेव्हा विचारलं होतं, "मामांना गर्मी होते का?" मामा म्हणाले, "व्हय, छताखाली लई गर्मी होते मला."

आणि उशाशी उतरंड. भूकंपानंतर धक्के येत राहिले, तेव्हा त्या भागात बऱ्याच घरांनी ही सवय लावून घेतली. परातीत एक उपडा तांब्या, त्यावर पितळी फुलपात्र, त्यावर स्टीलचा पेला, पेल्यात दोन चमचे. जमीन जरा हलली की चमचे आधी वाजतात, मग पेला, मग सगळंच परातीत कोसळतं आणि माणूस जागा होतो. बाकीच्यांनी चार-दोन वर्षांत ते सोडून दिलं. मामांनी सोडलं नाही. त्यांचा त्यात एक कडक नियम होता. दिवा लागल्यावर उतरंडीला हात लावायचा नाही. चुकून कुणाचा पाय लागून ती वाजलीच, तर ज्याच्यामुळे वाजली त्याने तिथल्या तिथे ओरडायचं, "माणसाची! माणसाची!" म्हणजे माणसाच्या हातून वाजली, जमिनीच्या नाही. हे ओरडणं आलं नाही की दुसरा विचार करायचा नाही, सरळ अंगणात पळायचं. लहानपणी गंमत म्हणून बायकोने एकदा ती मुद्दाम हलवली आणि ओरडली नाही. मामांनी तिला आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा.

ती उतरंड आमच्या नांदेडच्या फ्लॅटमध्येही आली. तिच्यातला तांब्या मामांनीच लग्नात दिलेला. मीही कितीदा तरी पाय लागून "माणसाची!" म्हणून ओरडलो आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा बायकोला हळूच विचारलं, "भाऊंना झोपेत बोलायची सवय आहे का हो?"

गेल्या काही वर्षांत ते ओरडणं हसण्यासारखं राहिलं नाही. लातूरकडच्या काही गावांत जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येऊ लागले, लोक अंगणात झोपू लागले. नांदेडलाही एक-दोनदा सकाळी खिडक्या थरथरल्या. माणसं कचेरीत त्याच्या गप्पा मारत, कुणाच्या कपाटाची काच वाजली, कुणाचा कुत्रा आधी भुंकला. बायको त्या गप्पांत बसत नसे. तिने उतरंडीत तिसरा चमचा घातला, एवढंच.

त्या सुमारास मॅडम एकदा संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या आणि चेलो पाहायला आतल्या खोलीत गेल्या. उशाशी ती भांडी दिसली. त्यांनी विचारलं आणि बायकोने सांगितलं. मला जे तुकड्या-तुकड्यांनी अठरा वर्षांत कळलं होतं ते तिने एका चहात सांगितलं. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "यावर मी काही लिहू का? तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही."

"लिहा," बायको म्हणाली. "पण भांडी काठीनं वाजवायची. यांनी मोजून वाजवायची. म्हणजे ती माणसाचीच राहतील."

दोन-अडीच महिन्यांत रचना तयार झाली. आम्ही ती एका शाळेच्या हॉलमध्ये बसवली, खाली शहाबादी फरशी, वर पंखे. सुरुवातीला क्लॅरिनेटमधून सूर नाही, नुसता श्वास. मग व्हायोलिनं तारेच्या अगदी टोकाला, कीटक किरकिरल्यासारखी. त्याखाली चेलो आणि बास एकाच खोल सुरावर येतात आणि तो सूर वाढवत नेतात, इतका की खुर्चीच्या पायातून कळतो. मग मॅडम डावा हात वर धरतात आणि सगळं थांबतं. त्या शांततेत मी मनात सावकाश पंधरा मोजायचे आणि पुढ्यातल्या टेबलावरच्या उतरंडीच्या पेल्याला टोकाला लोकर गुंडाळलेल्या काठीने एकच टोला द्यायचा. तिथून रचनेचा दुसरा भाग सुरू होतो. भांडी आमच्या घरचीच होती. मॅडमनी दुकानातली आणून पाहिली, पण त्यांना मामांच्या तांब्याचा आवाज हवा होता.

लातूरच्या एका मंडळाने कार्यक्रम ठरवला तेव्हा बायकोने मामांना फोन केला. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू होता.

"मामा, लातूरला वाजवणार हाय मी. येता का?"

"कुठं हाय?"

"हॉल हाय मामा. नाटकाचा. पण एका बाजूला दार हाय, उघडं ठेवू."

पलीकडे मामांनी खाट ओढल्याचा आवाज आला.

"तूच वाजवणार नव्हं?"

"मीच."

"मग येतो. दाराजवळची खुर्ची धर."

फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं आणि कणीक मळायला घेतली. मामा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पक्क्या छताखाली बसणार होते. तिच्या दृष्टीने त्या कार्यक्रमात दुसरं काहीच नव्हतं.

आम्ही सकाळी निघालो. डबल बास त्याच्या लांब काळ्या पेटीसकट टेम्पोच्या टपावर आडवा बांधला होता. अहमदपूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून टेम्पोला हात जोडले आणि कंधारच्या सरांना विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी गेलं न्हाई बाबा, बाजा हाय त्यो."

"येवढा?"

"व्हय, येवढाच."

म्हाताऱ्याने टोपी घातली, पण हात पुन्हा जोडले. आम्ही निघेपर्यंत तो पेटीकडेच बघत होता. सर पुढे वाटभर हसत होते. बायको खिडकीतून बाहेर पाहत होती, ती हसली नाही.

लातूरचा हॉल जुना होता. रंगमंच लाकडी फळ्यांचा आणि खालून पोकळ. दुपारी सरावाला बसलो. बास आणि चेलो त्या खोल सुरावर आले, सूर वाढत गेला, आणि माझ्या टेबलावरचे चमचे आपोआप वाजू लागले. मग पेला. मी काठी हातातही घेतली नव्हती. मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. आवाज थांबल्यावर मी चार मोजेपर्यंत भांडी गप्प झाली. पुन्हा केलं, पुन्हा चारच. तिसऱ्यांदाही चार. नांदेडच्या दगडी फरशीवर हे कधी झालं नव्हतं, इथे फळ्या खालून ढोलासारख्या घुमत होत्या.

मॅडमचा चेहरा उजळला. त्या स्वतःला आवरत म्हणाल्या, "हे मला लिहून जमलं नसतं. पण तुम्हाला चालणार नसेल तर टेबलाखाली घोंगडी घालू. नाहीतर भांडी काढूनच टाकू."

बायको आपल्या जागेवरून उतरंडीकडे पाहत होती. "हात न लावता वाजली की ती खरी असते," ती म्हणाली. "आमच्याकडे तसंच होतं."

"मग काढू या."

"नको," ती म्हणाली. तिने थोडा विचार केला. "मी मामांना आधी सांगून ठेवते. एकदा तरी तो आवाज यावा आणि मामांनी बसून राहावं. मला तेवढंच पाहिजे."

कंधारचे सर बासच्या मागून म्हणाले, "ताई, बघा बरं का. मामा पळाले तर आमचाच कार्यक्रम पळंल." कोणी हसलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं की घोंगडी घालू. पण तिचा चेहरा पाहून मी नुसते चमचे पेल्यात नीट ठेवले. तिचे मामा, तिची उतरंड.

मामा साडेपाचच्या बसने आले. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, हातात पिशवीत आमच्यासाठी हरभऱ्याची डाळ. हॉलच्या दारात ते थांबले आणि वर पाहिलं. छत पाहिलं, मग पंखे, मग भिंतीचे कोपरे. बाजूचं दार मी उघडं ठेवून खाली वीट लावली होती. त्यांनी ती वीट पायाने हलवून पाहिली.

"बरी लावली जावईबापू," ते म्हणाले.

बायकोने त्यांना पहिल्या रांगेत दाराजवळ बसवलं आणि स्वतः खाली बसून त्यांचा हात धरला. "मामा, ऐका. वर आपला तांब्या हाय. त्यो आज वाजंल. कुणी हात न लावता वाजंल, माझ्या वाजवण्यानं. आज जितक्या वेळा वाजंल तितक्या वेळा माणसाची. मी आधीच सांगून ठेवते. उठू नका."

"तू म्हनती का माणसाची?"

"मी म्हणते."

"मग कशाला उठू?" मामा म्हणाले. "जा, वाजव जा."

कार्यक्रम सहाला सुरू झाला. आयोजकांनी माइकवरून तेच सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या रचनेत मंच हादरल्यासारखा वाटेल, भांडी आपोआप वाजतील, तो संगीताचाच भाग आहे, कृपया कोणी घाबरू नये व जागेवरून उठू नये. लोक हसले. पहिली रचना संपली तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "सूर लावून झाले असतील तर सुरू करा की आता." त्यावरही हसले. दीडशेच्या आसपास माणसं असतील. क्लासची पोरं, काही डॉक्टर मंडळी, मामांसारखे पाच-सहा खेड्यातले.

मग उतरंडीची रचना. क्लॅरिनेटचा श्वास सुरू झाला तशी खोकणारी माणसंही गप्प झाली. बास आणि चेलो खालच्या सुरावर उतरले. सूर वाढला, चमचे वाजले, पेला वाजला, फुलपात्र किणकिणलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते, पोटऱ्या ताणलेल्या होत्या, डोळे बायकोवर. ते उठले नाहीत. सूर शिगेला पोचला, मॅडमनी डावा हात वर केला आणि सगळं थांबलं.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चारला भांडी गप्प झाली, दुपारसारखीच. मामांनी हात दांड्यांवरून काढून मांडीवर ठेवले. बायकोने ते पाहिलं. तिचा गज हवेत होता आणि ओठ दाबून धरलेले होते, रडू येताना ती दाबते तसे. पाच, सहा, सात.

आठला चमचे पुन्हा वाजले.

आधी मला वाटलं सरांचा धक्का लागला. सर दोन्ही हातांनी बासची मान धरून निश्चल उभे होते, गज त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लटकत होता. बायकोचा गज हवेतच होता. पेला वाजायला लागला. माझ्या पायाशी पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणी थरथरत होतं. मी तरी मोजतच होतो, सवयीने. नऊ. दहा. बायकोने आपल्या गजाकडे पाहिलं. तो उचललेला होता आणि आवाज थांबत नव्हता.

आणि मामा हसत होते. पहिल्या रांगेत, पाय सैल सोडून, तिच्याकडे पाहून मान हलवत होते. कळलं, माणसाची, अशी. ज्या आवाजाला हा माणूस तीस वर्षं झोपेतून उठून पळाला, तो आवाज खरोखर आला तेव्हा तो खुर्चीत मागे टेकून बसला होता.

बायकोने चेलो आडवा टाकला. फळीवर त्याचा मोठा आवाज झाला. ती मंचाच्या पायऱ्या उतरून मामांपाशी गेली.

"मामा, उठा. ही माणसाची न्हाई."

"बस की बाई. मी भ्यालो न्हाई. वाजव तू."

"मामा, माणसाची न्हाई! मी वाजवत न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते सगळं रचनेत लिहिलेलं वाटलं. चेलोवाली उठते, म्हाताऱ्याला उठवते, म्हातारा बसून राहतो. एकाने तर "वा!" म्हटलं. मी काठी टाकून ओरडलो, "बाहेर व्हा, खरंच हलतंय!" त्यालाही टाळ्या पडल्या. मग उतरंड कोसळली. तांब्या टेबलावरून सुटला आणि मंचावर गडगडत गेला. मॅडम प्रेक्षकांकडे वळल्या आणि शिकवणीत बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "वर पंख्यांकडे बघा." बंद पंखे दांड्यांसकट झुलत होते.

तेव्हा माणसं उठली. मी विटेच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. एकेकाला दंडाला धरून बाहेर काढत होतो. गर्दी माझ्या अंगावरून जात होती आणि मामा अजून खुर्चीतच होते, बायको त्यांना दोन्ही हातांनी ओढत होती. ते जड झाले होते. नकार म्हणून नव्हे, त्यांना ते कळतच नव्हतं. "तूच म्हनली नव्हं, बसा म्हणून," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी कंधारच्या सरांनी त्यांना लहान मुलासारखं उचलून बाहेर आणलं. हॉलमधून सगळ्यात शेवटी निघालेला प्रेक्षक म्हणजे मामा.

काही पडलं नाही. छताचा एक पोपडासुद्धा नाही. धक्का हलका होता, लोक दारात पोचेपर्यंत थांबलाही होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, हानी नाही. बाहेर मैदानात चहावाल्याने लगेच गाडा लावला. पोरं फोनवर घरी सांगत होती. एक गृहस्थ मॅडमना म्हणाले, "काही म्हणा, कार्यक्रम लई जिवंत झाला." मॅडम वळून आत गेल्या. त्यांनी उतरंडीच्या रचनेचे कागद गोळा केले. ते त्यांनी नंतर पुन्हा काढले नाहीत.

मामा मैदानाच्या कडेला दगडावर बसले होते. त्यांनी चहा घेतला नाही. बायको शेजारी बसली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला कळलं न्हाई."

"मामा, माझी चूक. मीच सांगितलं होतं तसं."

"तसं न्हाई बाई. मला कळलं न्हाई. दोन्ही आवाज सारखेच लागले."

आम्ही त्यांना गावी सोडलं. महिनाभराने बायको आणि मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी उतरंड नव्हती. फुलपात्रात तुळशीचं रोप होतं आणि पेला पाणी प्यायला घेतला होता. बायकोने ते सगळं धुऊन आणलं आणि दिवेलागणीच्या आधी परातीत पुन्हा रचून ठेवलं. मामांनी तिला अडवलं नाही. खाटेवर बसून ते तिच्या हातांकडे बघत होते.

थोड्या वेळाने रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. चमचे वाजले. मी आणि बायको दोघेही उठून शेडबाहेर आलो. पूर्वी मामा आमच्या आधी अंगणात असते. ते खाटेवरच होते. त्यांनी बायकोकडे पाहून तशीच मान हलवली, हॉलमध्ये हलवली होती तशी.

"माणसाची," ते म्हणाले.

"मामा, कुणी हात लावला न्हाई."

"असंल कुणाची तरी. तू हाय ना हितं." आणि ते आडवे झाले.

त्यानंतर बायको महिन्यातले बरेच दिवस तिकडेच असते. चेलोही घेऊन गेली आहे. मॅडमनी चेलोचा भाग तात्पुरता व्हिओलाला लिहून दिला आहे. इकडे नांदेडात मी एकटा असतो. तिचा फोन आला की पहिल्यांदा मामांचंच विचारतो, आणि उत्तर नेहमी एकच येतं. मामांना आता गाढ झोप लागते, अगदी घोरतात. ती मात्र रात्रभर खाटेच्या पायथ्याशी उतरंडीकडे तोंड करून बसते आणि ऐकते.